आजीची खोली आणि डावं-उजवं

विक्रोळीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं आवरून देते.

"माझं वय ५३. वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. युनियन लाल बावट्याची, गळ्यात तुळशीची माळ, आणि आषाढीची वारी कधी चुकवली नाही. माझ्या मिस्टरांचं फरसाणाचं दुकान आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी कागद घेऊन दारात उभा राहतो, त्याचा फार ताप होतो. मुलीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, ते मी स्वतः उभं राहून लावून दिलं. वटपौर्णिमा मात्र मी करते. मुलगा अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने मला फोनवर एक चाचणी सोडवायला लावली. बंदूक बाळगण्याचा हक्क, चर्च, असले प्रश्न पुष्कळ होते. शेवटी एका चौकोनात मधोमध टिंब आलं. तो म्हणाला, 'आई, तुझ्या विचारांना काही सूत्रच नाही.' खरं भांडण नंतर झालं. लालबागला माझ्या आईची पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली खोली आहे. मालकाला भाडं वाढवून हवंय. मुलगा म्हणतो, भाडं बाजारभावानेच पाहिजे. दुकानाच्या वेळी सरकार नको आणि आजीच्या खोलीच्या वेळी सरकार हवं, हा ढोंगीपणा आहे. शिवाय आपली जुनी खोली आपण ११ महिन्यांच्या करारावर देतो आणि दर वेळी भाडं वाढवतो, तेव्हा तुझा न्याय कुठे जातो? यावर माझा भाऊ त्याला 'भांडवलदारांचा वकील' म्हणाला. दोन महिने मामा-भाचे बोलत नाहीत. मला सांगा, मी डावी की उजवी? आणि हे ठरवतं कोण?"

ताई,

ढोंगीपणा हा शब्द तुम्हाला लागलाय. पत्रात त्याच्याखाली तुम्ही दोनदा रेघ ओढली आहे. म्हणून आधी तेवढंच सांगते. एका प्रश्नावर सरकार नको आणि दुसऱ्या प्रश्नावर सरकार हवं, असं म्हणणारा माणूस तेवढ्याने ढोंगी होत नाही. एकाच प्रश्नावर स्वतःला एक न्याय आणि समोरच्याला दुसरा, असं केलं तर तो ढोंगीपणा. भाड्याच्या बाबतीत तुमचं तसं होतंय का, ते पुढे बघू. तो भाग मी सोडून देणार नाही.

आता टिंबाकडे. अशा चाचण्यांत बहुधा दोन रेघा असतात. आडवी रेघ पैशाची: उद्योग, कर, मालमत्ता यांत सरकारने किती हात घालावा. उभी रेघ हुकमतीची: माणसाने कसं जगावं हे सरकारने आणि समाजाने किती ठरवावं. नुसत्या डाव्या-उजव्यापेक्षा हे पुष्कळ बरं, कारण निदान दोन प्रश्न वेगळे होतात. पण चाचणी जिथे तयार झाली तिथली भांडणं ती सोबत घेऊन येते. बंदुकीच्या परवान्यावरून लालबागच्या चाळीत कुणी कुणाशी अबोला धरल्याचं मी ऐकलेलं नाही. आरक्षण, रेशन, मराठी पाट्या, आंतरजातीय लग्न, यांतलं काही तुम्हाला विचारल्याचं पत्रात दिसत नाही. ज्या प्रश्नांवर तुम्ही आयुष्यभर काहीतरी ठरवत आलात, ते सोडून बाकीचं विचारलं तर टिंब मधोमधच पडणार.

डावं-उजवं हे शब्द आले फ्रान्समधून. १७८९ च्या क्रांतीच्या वेळी राज्यघटना लिहायला सभा बसली होती. प्रश्न निघाला की सभेने केलेला कायदा राजाला अडवता यावा का. राजाला तो अधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला जमले, त्याला विरोध असणारे डाव्या हाताला. बसायच्या जागेचं नाव विचाराला पडलं. पुढे कारखाने आले आणि त्याच दोन शब्दांत वेगळा प्रश्न भरला गेला: मालमत्ता कुणाची आणि ती किती वाटली जावी. म्हणून कुणी 'तू उजवी' म्हणालं की मी आधी विचारते, कुठल्या प्रश्नावर? माझं सगळं म्हणणं खरं तर 'कुठल्या प्रश्नावर' या दोन शब्दांत आहे. उत्तराला डावं-उजवं म्हणता येतं. अख्ख्या माणसाला म्हणायला गेलं की गोंधळ सुरू होतो.

हे आपल्या महाराष्ट्राला काही नवीन नाही. १८९१ साली संमतीवयाचा कायदा आला. मुलीचं संमतीवय दहावरून बारा वर्षं करायचं, एवढीच ती सुधारणा. मुंबईच्या बेहरामजी मलबारींनी त्यासाठी रान उठवलं होतं. आगरकरांचा कायद्याला पाठिंबा. टिळकांचा कडाडून विरोध, परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये म्हणून. आता तेच टिळक इंग्रज राजवटीविरुद्ध जहाल, आणि समाजसुधारणेच्या बाजूचे गोखले राजकारणात मवाळ. मग यांत डावा कोण? १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. त्याची दखल लेनिननेही घेतली. सामाजिक प्रश्नावर जुन्या वळणाचा पुढारी, आणि त्याच्यासाठी मजूर रस्त्यावर. एका रेघेवर हे बसवून दाखवा म्हटलं तर कुणाला जमणार नाही. दोन रेघा घेतल्या, एक परकी सत्ता किती सोसायची याची आणि दुसरी घरातली रूढी किती सोसायची याची, की तिघेही आपापल्या जागी नीट उभे राहतात.

तरी त्या दोन रेघांतही एक माणूस मावत नाही. जोतिराव फुले. सत्यशोधक समाज १८७३ चा. फुल्यांचा सवाल असा की राज्य गोऱ्यांचं की आपलं हे नंतर, आधी आपल्यातच कोण कुणाच्या मानेवर बसलंय ते सांगा. त्यांच्याच विचारातून आलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. तिसरी रेघ ती, जातीची. बाहेरून आणलेल्या तक्त्यांत ती सापडत नाही.

तुमचे वडील साचेखात्यात होते, म्हणून एक गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं पोकळ लाकूड. त्यात सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं असे, आणि कामगार ते तोंड लावून ओढून घेत. तुटलेला धागाही थुंकीने ओला करून जोडत. कापूस, खळ, आधीच्या पाळीवाल्याची थुंकी, सगळं त्या एका लाकडाला. साचेखात्यात मजुरी बरी मिळायची. पण दलित कामगाराला तिथे घेत नसत. त्याने तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा तोंड कसं लावणार, हे कारण. त्याला कमी पगाराच्या खात्यात ठेवायचे. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी हे पुढाऱ्यांपुढे मांडलं. मालक विरुद्ध मजूर या रेघेवर दोघेही मजूर, दोघेही एकाच बाजूला. धोट्यापाशी मात्र एक आत आणि एक बाहेर. जात ही नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं, त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३८ मध्ये औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत संपही केला. एका प्रश्नावर भांडायचं आणि दुसऱ्यावर सोबत जायचं. याला सूत्र नसणं म्हणत नाहीत. प्रश्न वेगवेगळे असतात हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पक्षांच्या नावावरून विचारसरणी ओळखायला मात्र जाऊ नका. १९४४ मध्ये टाटा, बिर्ला यांच्यासारख्या बड्या उद्योगपतींनी देशापुढे एक आराखडा ठेवला, बॉम्बे प्लॅन म्हणतात तो. त्यात सरकारने नियोजन करावं, मोठी गुंतवणूक करावी, असं भांडवलदारच सांगत होते. मिनू मसानी १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत होते, आणि १९५९ नंतर स्वतंत्र पक्षात लायसन्स-परमिटच्या राज्याविरुद्ध उभे होते. भारतीय जनता पक्ष १९८० मध्ये स्थापन झाला तेव्हा त्याने 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला. आणि १९८९ पासून तर निवडणूक आयोगाकडे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे कागदावर सगळेच समाजवादी. 'उदारमतवादी' या शब्दाचंही तसंच. आपल्याकडे रानडे-गोखल्यांना तो लावतात, युरोपात तो बहुधा खुल्या बाजाराच्या बाजूचा असतो, आणि अमेरिकेत गरिबांसाठी सरकारने खर्च करावा म्हणणाऱ्याला तोच शब्द चिकटतो. तुमच्या मुलाच्या अभ्यासाच्या पुस्तकात कुठला अर्थ आहे ते त्याला विचारा.

मग ओळखायचं कसं? मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. मला एकच रीत उपयोगी पडली. एखादा प्रश्न हातात घ्यायचा आणि बघायचं, हा माणूस दुखणं कुठे आहे म्हणतो, ते कशामुळे झालं म्हणतो, आणि औषध कुणी द्यावं म्हणतो. तुमच्याकडे प्रश्न तयारच आहे. आईची खोली.

लालबागची तशी चाळ मला माहीत आहे. गॅलरीच्या खाली लाकडी टेकू, जिन्याची एक पायरी झिजून बशीसारखी झालेली, आणि ट्रंकेत पातळ कागदाच्या भाडेपावत्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. त्या पावतीवरचा आकडा असा का आहे, याचं कारण कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० चं भाडं धरलं. युद्धानंतर घरांची टंचाई होती, मालकांनी अडवून लुटू नये हा हेतू. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि त्याची मुदत वर्षानुवर्षं वाढत राहिली. भाडं गोठलं, म्हणून मालक खोली देताना एकरकमी पागडी घेऊ लागले. इमारती खंगल्या, म्हणून १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीच्या व्यवहारालाही मान्यता दिली.

खुल्या बाजाराच्या बाजूचा माणूस त्या टेकूकडे बोट दाखवून म्हणेल, हे गोठलेल्या भाड्याचं फळ. ज्या भाड्यात एक पोतं सिमेंट येत नाही, त्यात मालक दुरुस्ती कुठून करणार? आणि भाड्यासाठी नवी चाळ कोण बांधणार? तुमचा मुलगा हेच म्हणतोय, आणि हे खोटं नाही. डाव्या बाजूचा म्हणेल, ज्यांच्या घामावर ही गिरणगावची जमीन सोन्याची झाली त्यांनाच आता भाव परवडत नाही म्हणून कर्जत-कसाऱ्याला पाठवायचं? डोक्यावरचं छप्पर कांदे-बटाट्यासारखं विकायची वस्तू नाही. तुमचा भाऊ हे म्हणतोय. हेही खोटं नाही.

तिसरा आवाज आपल्याकडे नीट ऐकला जात नाही, त्या परंपरावाद्याचा. कर्मठ माणूस म्हणत नाही मी. एडमंड बर्क या ब्रिटिश विचारवंताच्या वळणाचा, ज्याला समाज हा जिवंत माणसांचा, गेलेल्यांचा आणि जन्माला यायच्या असलेल्यांचा मिळून एक करार वाटतो. तो म्हणेल, दोन पिढ्यांपूर्वी मालकाने पागडी घेतली आणि शब्द दिला. त्या शब्दावर एक कुटुंब, एक शेजार, एक भजनी मंडळ उभं राहिलं. एका फटक्यात मोडू नका, हळूहळू बदला. मला स्वतःला या म्हणण्यात बरंच तथ्य वाटतं. आणि आंबेडकरी विचाराचा माणूस या तिघांनाही विचारेल, मुळात ही खोली कुणाला मिळाली? गाववाल्याच्या आणि जातवाल्याच्या ओळखीने चाळीत जागा मिळायची, तेव्हा बाहेर कोण राहिलं? स्त्रीवादी बाई भाडेपावती मागून घेईल आणि नाव वाचेल. वडिलांनंतर पावती आईच्या नावावर झाली का, ताई? झाली नसेल तर डावं-उजवं बाजूला ठेवा आणि आधी ते काम करा.

पाचही जणांनी तीच खोली पाहिली, पण प्रत्येकाला दुखणं वेगळ्या ठिकाणी दिसलं. विचारसरणीचा खरा उपयोग हा, की दुसऱ्याला जे दिसत नाही ते ती दाखवते. आणि तिचा धोकाही तोच, कारण मग बाकीचं दिसेनासं होतं.

याचा अर्थ सगळ्यातलं थोडंथोडं घेऊन मोकळं व्हा, असं मी मुळीच म्हणत नाही. ती माझ्या मते चुकवाचुकवी होईल. काही उत्तरं एकत्र नांदत नाहीत. रेशन हवं आणि कर कुणीच भरू नये, हे जमत नाही. इथेच तुमच्या मुलाने बोट बरोबर जागी ठेवलंय. स्वतःची खोली ११ महिन्यांच्या करारावर द्यायची, दर वेळी भाडं वाढवायचं, आणि आईच्या खोलीला मात्र गोठलेलं भाडं हवं, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. कदाचित उत्तर आहे. तुमच्या भाडेकरूने डिपॉझिट दिलंय, ते त्याला परत मिळणार. वडिलांनी पागडी दिली होती, ती मालकाने ठेवून घेतली. दोन करार वेगळे आहेत. पण हे मी तुमच्या वतीने बोलले. तुम्हाला ते मनापासून पटतं का, की सोयीचं आहे म्हणून पटतं, हे तुम्हीच तपासा. आणि मुलालाही त्याच मापाने विचारा, रागाने नव्हे: बाजारभाव हाच न्याय असेल तर अनुदानित कॉलेजची फी बाजारभावाने भरायला तो तयार आहे का? तो अडखळला तर त्याला हरवल्यासारखं करू नका. त्यालाही विचार करायला जागा द्या, त्याचं वय त्यासाठीच आहे.

तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं. मला त्यात सूत्र दिसतं. दुकानाच्या दारात कागद घेऊन येणाऱ्याचा तुम्हाला ताप होतो. पण तेल तपासू नये, स्वच्छता बघू नये, असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तुमची तक्रार मनमानीची आहे. मुलीच्या लग्नात जातीची मनमानी तुम्ही चालू दिली नाही. आईच्या खोलीत मालकाची मनमानी तुम्हाला नको आहे. वटपौर्णिमा तुम्ही स्वतःच्या मनाने करता. कुणी तुमच्यावर हुकूम सोडून करायला लावली असती तर तुम्ही केली असती का, हे मला ऐकायला आवडेल. याला पुस्तकात काय नाव आहे हे मुलाला शोधू द्या. तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात त्याला ते सापडेल.

वडिलांबद्दलही थोडं. माळ आणि लाल बावटा यांची सांगड कशी, असं तुम्ही उघड विचारलेलं नाही, पण ते वाक्य ज्या पद्धतीने लिहिलंय त्यावरून मनात आहे हे कळतं. गिरणगावात असे हजारो होते. गेटमीटिंगला लाल झेंडा, रात्री भजन, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी तर कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, दलित फेडरेशन असे सगळे एका समितीत. देवापुढे सगळे सारखे हे त्यांनी वारीत ऐकलं आणि गिरणीच्या दारात मागितलं. वडिलांना यात तेढ वाटली नसेल, आणि त्यांच्या वतीने आपण ती उकरू नये.

अबोला मोडायचा तर डाव्या-उजव्यावर चर्चा ठेवू नका. येत्या रविवारी मुलाला आणि भावाला घेऊन लालबागला जा. आईला पावत्या काढायला सांगा. पागडी किती दिली होती, कुणाकडून उसने आणले, दागिने मोडले का, हे तिच्या तोंडून दोघांना ऐकू द्या. मग वहीत दोन पानं करा. एका पानावर मुलाने मामाचं म्हणणं लिहायचं, मामाला मान्य होईल इतकं नीट. दुसऱ्यावर मामाने भाच्याचं. समोरच्याने 'हो, मला हेच म्हणायचंय' म्हटल्याशिवाय पान उलटायचं नाही. माझ्या वर्गात हे एका तासात कधी पुरं झालं नाही, तुमच्याकडेही होणार नाही. मुलाला आणखी हवं असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा. संमतीवयाच्या वादात टिळकांनी काय लिहिलं आणि आगरकरांनी काय, हे त्याने शेजारी शेजारी ठेवून वाचावं. दोघे मित्र होते, एका शाळेसाठी एकत्र राबले होते, आणि पुढे फार दुरावले.

एक गोष्ट पत्रात राहून गेली आहे. मालक भाडं किती मागतोय, आणि वाढवून दिलं तर दुरुस्ती करून देतो असं म्हणतोय का? त्याची बाजूही कळवा, मग खोलीबद्दल नेमकं काही सांगता येईल.